र. धों. कर्वे, बाबासाहेब आणि हरिहरेश्वरची एक चिठ्ठी

गेल्या हिवाळ्यात हरिहरेश्वरला आमचे दोन दिवसांचे कायदा-प्रबोधन शिबिर झाले. श्रीवर्धन, म्हसळा, महाड आणि खाडीपलीकडच्या मंडणगड, दापोली तालुक्यांतून तरुण मुले-मुली आली होती. हरिहरेश्वर म्हटले की लोकांना दक्षिण काशी आठवते, पेशव्यांचे कुलदैवत आठवते. आम्हाला मात्र तेथे सावित्री आठवते. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी पोलादपूर, महाड करत येथे समुद्राला मिळते. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब शेकडो सत्याग्रहींसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले, ते याच मुखातून आत येऊन दासगाव बंदराला उतरले आणि महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. समोरच्या तीरावर बाणकोटचा किल्ला दिसतो. त्याच्यामागे मंडणगड तालुका, त्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. त्याच्याही खाली दापोली, जेथे सुभेदार रामजींच्या बिऱ्हाडात लहानगा भीम वाढला. असा हा परिसर आहे. देवळात न जाताही येथे नतमस्तक व्हावे!

शिबिरात आम्ही प्रश्नपेटी ठेवली होती. पेटी कसली, बिस्किटांचा रिकामा डबा आणि झाकणाला पाडलेली चीर. जातपडताळणी, शिष्यवृत्ती, वतनाच्या जमिनी, ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणारे ठाणे, असे नेहमीचे प्रश्न निघाले. त्यांत एक चिठ्ठी वेगळी होती. लिहिणाऱ्याने लिहिले होते की मन मुलांकडेही ओढ घेते आणि मुलींकडेही. घरी स्थळे पाहणे सुरू आहे. शहरात समलिंगी मित्रमंडळींशी ओळख झाली, तर त्यांनी ही धरसोड आहे, हिंमत नाही म्हणून दोन्ही दरडींवर पाय आहे, असे ऐकवले. आता हा गुन्हा आहे का आणि आपल्या विहारात अशा माणसाला जागा आहे का, असे दोन प्रश्न होते. खाली नाव नव्हते. विशेष म्हणजे सगळी क्रियापदे अशी जुळवली होती की लिहिणारा मुलगा आहे की मुलगी, ते कळू नये. मराठीत असे लिहायला फार कष्ट पडतात. वाचकांनी स्वतःविषयी दहा ओळी तशा लिहून पाहाव्यात.

आम्ही ती चिठ्ठी वाचली. व्यासपीठावर शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याने डोकावून पाहिले आणि तो हसला. आम्ही चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि पुढचा प्रश्न घेतला. वेळ अपुरा होता, असे कारण त्या वेळी आम्ही मनाशी दिले. ते खोटे होते. वीस वर्षे वकिली करणाऱ्या, संविधानावर तास घेणाऱ्या आमची जीभ त्या क्षणी उचलली नाही, हे खरे.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याच्या जेट्टीवर वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीची वाट पाहत उभे असताना आम्हाला त्या पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक माणूस आठवला. दापोली तालुक्यातल्या मुरुड गावचा. अशा निनावी चिठ्ठ्यांना त्याने सव्वीस वर्षे दर महिन्याला छापील उत्तरे दिली. त्यासाठी तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. त्याची कहाणी आपल्या चळवळीत पुरेशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती सांगावीशी वाटते.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. वडील धोंडो केशव, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे. आई राधाबाई. १८९१ मध्ये बाळंतपणात राधाबाई गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. बाळंतपणात मरणे ही त्या काळी इतकी नेहमीची गोष्ट होती की तिला कोणी प्रश्न मानत नसे, दैव मानत असे. पुढे या मुलाने आयुष्यभर ज्या गोष्टीचा ध्यास घेतला तिचे मूळ त्या मरणात असावे, असा तर्क करण्यास जागा आहे. दोन वर्षांनी वडिलांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या ब्रह्मवृंदाने कुटुंबावर बहिष्कार टाकला. बहिष्कार हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. पण पेशव्यांच्या जातीतल्या पोराने तो घरात अनुभवला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अर्थात, आपल्या लोकांचा बहिष्कार पाणी तोडतो, काम तोडतो. कर्व्यांवरचा बहिष्कार जेवणाच्या पंगतीपुरता होता. दोन्ही एका मापाने मोजता येणार नाहीत.

मुलगा हुशार निघाला. १८९९ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला, १९०४ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाला. विषय गणित. पुढे गणिताच्या उच्च अभ्यासासाठी पॅरिसला गेला, फ्रेंच शिकला आणि तिकडच्या संततिनियमनाच्या वाङ्मयाशी त्याची गाठ पडली. परत आल्यावर मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापकी होती. घरात पत्नी मालतीबाई होत्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिले नाही. आज हे वाक्य सहज लिहिता येते. त्या काळी मूल नसलेल्या बाईला कोणत्या समारंभाला बोलावत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे मालतीबाईंचा त्याग किती मोठा होता ते कळेल. चरित्रकार पुरुषांचे ध्येय सांगतात. त्या ध्येयाची किंमत कोणी चुकवली, ते सांगताना त्यांची शाई आटते. नोकरी गेल्यावर त्यांचा संसार बव्हंशी मालतीबाईंच्या कमाईवर उभा होता.

१९२१ मध्ये कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले होते. म्हणजे जगाच्या मागे राहून नव्हे, जगाच्या बरोबरीने हे काम मुंबईत सुरू झाले. कॉलेज मिशनऱ्यांचे. त्यांना हा प्रचार मानवेना. प्रचार सोडा नाहीतर जागा सोडा, असा प्रसंग आला आणि १९२५ मध्ये कर्व्यांनी जागा सोडली. बायका-पोरांसाठी तत्त्व गुंडाळून ठेवणारे आपण रोज पाहतो. आमचाही त्या यादीत नंबर लागेल. कर्व्यांनी पोरे होऊ दिली नाहीत आणि तत्त्वही गुंडाळले नाही.

मग १९२७ उजाडले. हे साल आपल्यासाठी सोन्याचे. २० मार्चला चवदार तळे, ३ एप्रिलला बहिष्कृत भारतचा पहिला अंक, २५ डिसेंबरला मनुस्मृतीदहन. याच साली जुलै महिन्यात समाजस्वास्थ्य निघाले. एका वर्षात, एकाच शहरात, दोन पत्रे. एकाने सांगितले की माणसाचा स्पर्श विटाळ नाही. दुसऱ्याने सांगितले की माणसाचे शरीर पाप नाही. दोन्ही पत्रांना ग्राहक थोडे, शत्रू फार आणि शिल्लक शून्य!

समाजस्वास्थ्यात लेख असत, पुस्तकांची परीक्षणे असत, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे आणि त्यावरून गहजब होई. चित्रांविषयी आम्हाला स्वतःला कर्व्यांचे सगळे म्हणणे पटत नाही. नग्नतेची भीती जावी म्हणून चित्र छापायचे, तर मग दर वेळी बाईचेच का, हा प्रश्न आजच्या मुली विचारतील आणि तो बरोबर आहे. पण मासिकाचा प्राण चित्रांत नव्हता. तो वाचकांच्या पत्रव्यवहारात होता. गावोगावचे लोक, बहुतेक तरुण पुरुष, नाव न छापण्याच्या भरवशावर प्रश्न विचारीत. हस्तमैथुनाने शक्ती जाते का, स्वप्नात असे झाले तर रोग आहे का, बायकोला दुखते तर काय करावे, गुप्तरोग कसा ओळखावा. आणि काही जण, पुरुषाला पुरुषाविषयी वाटणाऱ्या ओढीविषयीही. कर्वे उत्तर देत ते कोरडे, थोडक्यात, गणिताच्या मास्तराने फळ्यावर रीत मांडावी तसे. उपदेश नाही, गोंजारणे नाही. काय माहीत आहे, काय खोटे आहे, एवढे सांगून मोकळे होत.

येथे आम्हाला थोडे थांबायचे आहे, कारण आजच्या विषयाचा गाभा येथे आहे.

जो माणूस आपले दुःख कोणाला सांगू शकत नाही, त्याला पहिले दुःख त्या गोष्टीचे असते आणि दुसरे, आपण एकटेच आहोत याचे. दुसरे दुःख पहिल्यापेक्षा भारी. बहिष्कृत भारतात गावोगावच्या जुलमाच्या हकिकती छापून येत, तेव्हा नगर जिल्ह्यातल्या महाराला कळे की रत्नागिरीतही हेच चालू आहे. ज्याला तो आपले नशीब समजत होता ती व्यवस्था आहे, हे त्याला कळे. समाज म्हणून आपण तेथून उभे राहिलो. समाजस्वास्थ्यात छापलेला निनावी प्रश्न हेच काम करी. अंक हातात घेतलेल्या एखाद्या मुलाला आपलाच प्रश्न दुसऱ्या कोणीतरी विचारलेला दिसे. त्या दोघांची गाठ कधी पडत नसे. एकमेकांची नावे कधी कळत नसत. तरीही त्या पानावर ते एकत्र बसलेले असत. संस्था, मेळावे, मोर्चे हे सगळे पुढचे. आधी असे एक पान लागते.

सनातन्यांना हे नेमके कळले होते. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. शंभर रुपये म्हणजे तेव्हा लहान रक्कम नव्हती. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या खेपेला निमित्त लेखाचे नव्हते. वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा ठरला आणि त्यांत हस्तमैथुनाचा आणि समलिंगी संबंधांचा विषय होता.

या खटल्यात कर्व्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले.

त्या वेळचे बाबासाहेब डोळ्यांसमोर आणा. गोलमेज परिषदा झालेल्या आहेत. पुणे कराराची जखम ओली आहे. नाशिकचा काळाराम सत्याग्रह पाचव्या वर्षात आहे. सारा हिंदू समाज त्यांच्यावर दात धरून आहे. अशा माणसाला अश्लीलतेचा खटला घेऊन काय मिळणार होते? पैसा? कर्व्यांकडे तो नव्हता. मते? लोकप्रियता? उलट, अस्पृश्यांचा पुढारी आता अश्लील मासिकाची तरफदारी करतो, असे म्हणायला विरोधकांना आयतेच कोलीत मिळत होते. त्यांनी याआधीही अशी वकीलपत्रे घेतली होती. देशाचे दुश्मन या पुस्तकाबद्दल जेधे-जवळकरांवर खटला झाला तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी तो लढवला आणि जिंकला. पण तो ब्राह्मणेतर चळवळीचा, म्हणजे घरचा प्रश्न होता. कर्व्यांचा खटला घरचा नव्हता. जातीने चित्पावन आणि विषयाने असा, की चारचौघांत बोलायची सोय नाही.

कायद्याची बाजू वाचकांना थोडी सांगितली पाहिजे. भारतीय दंड संहितेचे कलम २९२ होते. आजच्या भारतीय न्याय संहितेत ते २९४ झाले आहे. अश्लील कशाला म्हणायचे, ते तेव्हा १८६८ च्या हिकलिन नावाच्या इंग्रजी निवाड्यावरून ठरत असे. ज्यांची मने अशा गोष्टींनी बिघडू शकतात त्यांच्या हाती हे पडले तर ती बिघडतील का, एवढेच पाहायचे. म्हणजे समाजातल्या सर्वांत कच्च्या मनाच्या माणसाच्या मापाने सगळ्यांचे वाचन कापायचे. या मापात वैद्यकाचे पुस्तकही सापडू शकते.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय असा होता. लैंगिक विषयांना वाहिलेल्या मासिकात त्याच विषयाचे प्रश्न येणार आणि त्यांना उत्तरे दिलीच पाहिजेत. नुसता विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील होत नाही. विकृत प्रश्न छापता कशाला, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे की विकृती असेल तर तीही ज्ञानानेच दूर होईल, गप्प बसून होणार नाही. आणि समलिंगी संबंधांच्या मुद्द्यावर त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. कोणाची ओढ उपजत तशी असेल तर त्यात गैर काही नाही आणि आपल्या रीतीने सुख मिळवण्याचा त्या माणसाला हक्क आहे, या दिशेने त्यांनी आपले म्हणणे मांडले.

साल पुन्हा पाहा. १९३४. ज्या एलिसचा आधार बाबासाहेब घेत होते, त्याचे या विषयावरचे पुस्तक १८९७ चे आणि ते विकल्याबद्दल खुद्द इंग्लंडात पुस्तकविक्रेत्यावर खटला झालेला. त्या ग्रंथात समलिंगी माणसांबरोबर, ज्यांची ओढ दोन्हीकडे आहे अशांचीही नोंद आहे. म्हणजे आमच्या खिशातल्या चिठ्ठीतला माणूस एलिसला ठाऊक होता, आणि ज्या ग्रंथकाराला मुंबईच्या न्यायालयात साक्षीला उभे केले गेले तोच हा एलिस. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत किन्सेने हजारो पुरुषांच्या मुलाखतींवरून दाखवले की माणसे दोन कप्प्यांत विभागलेली नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायऱ्या आहेत आणि पुष्कळ माणसे मधल्या पायऱ्यांवर आहेत. तेव्हाही समाजस्वास्थ्य चालू होते.

खटला फेब्रुवारीअखेर सुरू झाला आणि एप्रिलात निकाल लागला. कर्वे हरले. बाबासाहेब हरले. दोनशे रुपये दंड झाला. आमच्या धंद्यात हरलेल्या खटल्याची फाईल कोणी पुन्हा उघडत नाही. ही उघडायला हवी.

आता कर्व्यांच्या उण्या बाजूही सांगतो, नाहीतर ही आरती होईल आणि आरत्या आपण सोडल्या आहेत. कर्व्यांवर सुप्रजननाच्या विचाराचा पगडा होता. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, हे ठरवणारा तो विचार. युरोपातल्या अनेक लैंगिक सुधारकांवर तो होता आणि त्याचा शेवट तिकडे कोठे झाला हे जगाने पाहिले. जातिव्यवस्थेचा पाया बाईच्या लैंगिकतेवरच्या पहाऱ्यात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबियातल्या आपल्या निबंधात मांडले होते. कर्वे व्यक्तीच्या सुखापर्यंत पोचले, पण जात आणि लैंगिकता यांची ही गाठ सोडवणे त्यांच्या मासिकाचे मुख्य काम कधी झाले नाही. आणि समलिंगी ओढीविषयी त्यांचे लिखाण आजच्या हक्कांच्या भाषेतले नाही, ते त्या काळच्या वैद्यकाच्या भाषेतले आहे. पण दार बंद करणे त्यांच्या स्वभावात नव्हते, एवढे नक्की.

बाबासाहेबांनीही हा धागा तेथे सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे त्यावरचे भाषण त्यांच्या गैरहजेरीत पी. जे. रोहम यांनी वाचले. ठराव फेटाळला गेला. बाईच्या शरीरावर बाईचा निर्णय चालावा, हे त्या सभागृहाला पचले नाही. कर्वे तर त्याआधी सतरा वर्षे हेच सांगत होते.

कर्व्यांचे पुढचे आयुष्य फार घटनांचे नाही. अंक काढायचा, टपालात टाकायचा, पत्रे वाचायची, उत्तरे लिहायची, तोटा सोसायचा. रियासतकार सरदेसाई, मामा वरेरकर, मावसभाऊ नव्हे पण भावासारखे वाढलेले रँग्लर परांजपे, अशी मोजकी माणसे पाठीशी. वडिलांची कीर्ती वाढत गेली, मुलाची बदनामी. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि समाजस्वास्थ्य थांबले. वडिलांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले. ते १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षांचे होईतो जगले. मुलाला कोणी काही दिले नाही. पुढे य. दि. फडके यांनी चरित्र लिहिले, अनंत देशमुख यांनी लेखन जमवले, २००१ मध्ये अमोल पालेकरांचा ध्यासपर्व आला आणि २०१७ मध्ये अजित दळवींचे समाजस्वास्थ्य हे नाटक अतुल पेठे यांनी रंगमंचावर आणले, त्यात खटला लढवणारे बाबासाहेबही प्रेक्षकांना दिसले. १४ ऑक्टोबर ही तारीख वाचून वाचकांच्या मनात जे आले, ते आमच्याही आले. बरोबर तीन वर्षांनी त्याच तारखेला नागपूरला दीक्षा झाली. योगायोगच, पण ती तारीख आता आम्हाला दोन कारणांनी आठवते.

आता चिठ्ठीकडे येतो.

पहिला प्रश्न होता, हा गुन्हा आहे का. नाही. ज्या ३७७ कलमाची भीती होती ते १८६० च्या दंड संहितेतले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी त्याचे दात काढले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुन्हा बसवले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सज्ञान व्यक्तींमधल्या संमतीच्या संबंधांपुरते ते रद्दबातल केले. त्या निकालाचा कणा संवैधानिक नैतिकता हा आहे, आणि ती संकल्पना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेली. १९३४ मध्ये हरलेला खटला चौऱ्याऐंशी वर्षांनी असा जिंकला गेला, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल का? वाचकांनी ठरवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत तर ते कलमच नाही. मात्र समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, हेही सांगितले पाहिजे. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा जोडीदार विरुद्धलिंगी असेल तर कायदा लग्न लावून देईल, समलिंगी असेल तर देणार नाही. माणूस तोच, मन तेच.

अडचण कायद्याची तेवढी नाही. अडचण अशी आहे की हा माणूस कोणालाच दिसत नाही. त्याने बाईशी लग्न केले तर जग म्हणते, बघा, सुधारला. पुरुषाबरोबर राहिला तर म्हणते, हा समलिंगी. दोन्ही वेळा त्याचे अर्धे मन खोटे ठरते. मराठीत त्याला धड नावही नाही. उभयलिंगी म्हणावे तर शाळेत गांडुळाच्या धड्यात तो शब्द शिकवला गेला आहे, आणि लोक त्याचा अर्थ शरीराचा लावतात, ओढीचा लावत नाहीत. म्हणून इंग्रजीतला बायसेक्शुअल हा शब्दच चालतो. ज्याच्या भाषेत त्याला नाव नाही त्याने चिठ्ठीत क्रियापदे लपवली तर नवल काय?

या माणसांसाठी काम होते आहे, पण शहरांत. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीत पुस्तके लिहिली, ती प्रत्येक विहाराच्या वाचनालयात असावीत. महानगरांतल्या प्राइड मोर्चांत आपली पोरे बाबासाहेबांचे छायाचित्र घेऊन चालली आहेत आणि त्यांना तेथे जातीचे टोमणेही खावे लागले आहेत. वस्तीत लिंगावरून हिणवणे, मोर्चात जातीवरून. त्यांतही दोन्हीकडे ओढ असणारा तिसऱ्यांदा वेगळा पडतो, आपल्यासारख्या आपल्यांतच.

दुसरा प्रश्न विहाराचा. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी परवाच ऐकवले की पोटाचे प्रश्न सोडून ही थेरे कशाला, शिवाय पंचशीलातले तिसरे शील काय सांगते? तिसरे शील आम्हीही रोज म्हणतो. ते फसवणुकीबद्दल आहे, दुसऱ्याला दुःख देणाऱ्या वर्तनाबद्दल आहे. ओढ कोणाकडे आहे, याची चौकशी ते करत नाही. उलट, घरच्यांच्या दबावाने, जोडीदाराला अंधारात ठेवून लग्न लावून देणारे आपण सारेच त्या शीलाच्या जास्त जवळून जातो. चिठ्ठीतल्या माणसाने लग्न करावे की करू नये, हे आम्ही सांगणार नाही. जो जोडीदार होईल त्याला वा तिला आधी सांगावे, एवढेच सांगू. आणि पोटाच्या प्रश्नांचे म्हणाल, तर १९३४ मध्ये बाबासाहेबांपुढे पोटाचे प्रश्न कमी होते काय?

२३ सप्टेंबरला आपण संकल्प दिन पाळतो. १९१७ साली बडोद्याच्या बागेत, राहायला जागा न मिळालेला एक उच्चशिक्षित तरुण झाडाखाली बसून रडला, तो दिवस. १९९९ पासून जगात अनेक ठिकाणी नेमका हाच दिवस दोन्हीकडे ओढ असलेल्या माणसांच्या दृश्यतेचा दिवस म्हणून पाळला जातो. ज्यांनी तो ठरवला त्यांना बडोदे ठाऊक नसणार. आपल्याला मात्र ते ठाऊक आहे.

येत्या २३ सप्टेंबरला हरिहरेश्वरलाच, त्याच सभागृहात, आम्ही पुन्हा बसणार आहोत. सकाळी संकल्प दिनाचा कार्यक्रम नेहमीप्रमाणे होईल. दुपारी दोन ते चार हा वेळ या विषयाला दिला आहे. एक समुपदेशक येणार आहेत, आम्ही कायद्यापुरते असू. नाव विचारले जाणार नाही, हजेरीपत्रक फिरणार नाही, फोटो काढायला बंदी असेल. श्रीवर्धन आणि मंडणगडच्या कार्यकर्त्यांना निरोप गेले आहेत. दोघांनी येणार नाही असे कळवले, पाच जणांनी येतो म्हटले आणि एकाने, जो शिबिरात आमच्या शेजारी बसून हसला होता, त्याने फक्त डबा आपण आणतो असे कळवले आहे. चिठ्ठी आमच्या बॅगेत आहे. दुपारी पहिली तीच वाचली जाईल.